गोव्याच्या खाणी : पोर्तुगीज कन्सेशनपासून लिलावापर्यंत

गोव्यात खाणींच्या जुन्या डंपवर, म्हणजे खोदकामातून बाजूला टाकलेल्या मालाच्या ढिगाऱ्यांवर, हक्क कोणाचा, हा वाद समजून घ्यायचा तर पोर्तुगीज काळापर्यंत मागे जावे लागते. विसाव्या शतकात पोर्तुगीज सरकारने खासगी लोकांना खाणींची कन्सेशन्स, म्हणजे खनिज काढण्याचे परवाने, वाटली, आणि तीही कायमची. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवे होते. डिचोली, सांगे भागातला माल बार्जमधून (सपाट तळाच्या मालवाहू बोटींतून) मांडवी-जुवारी नद्यांमार्गे मुरगाव बंदरात जाऊ लागला.

1961 मध्ये गोवा मुक्त झाला, पण खाणमालक तेच राहिले. संसदेने 1987 मध्ये कायदा करून कन्सेशन्स रद्द केली आणि त्यांची मुदतीची लीज केली. मालक कोर्टात गेले, खाणी चालूच राहिल्या. माझ्या मते सगळ्या गोंधळाची मुळी इथेच आहे. जमिनीखालचे खनिज जनतेचे, हे कायद्याने सांगितले, व्यवहारात ते घराण्यांच्या वारशासारखेच चालले.

पुढे चीनची मागणी आली. गोव्याचे खनिज कमी प्रतीचे. देशातले कारखाने ते फारसे घेत नसत, चीनने मात्र उचलले. 2010-11 मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांच्या आसपास खनिज जहाजांवर चढले. त्या वर्षांत साखळी, उसगाव, कुडचडेच्या रस्त्यांवर ट्रकांची रांग तुटत नसे आणि झाडांची पाने लाल धुळीने माखलेली असत. लईराईची जत्रा भरते त्या शिरगावात खाणीचे खंदक भूजलाच्याही खाली गेले. खोदकाम चालू ठेवायला पंप लावून पाणी उपसत राहायचे, आणि तिकडे गावातल्या विहिरी आटायच्या. पावसात डंपची माती वाहून शेतात यायची. भाताच्या खाचरात हा गाळ एकदा बसला की ते शेत पुन्हा लावणीला आणणे फार कठीण.

2012 मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने सुमारे 35 हजार कोटींच्या नुकसानीचा अहवाल दिला आणि खाणी बंद झाल्या. 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सगळ्या लीज 22 नोव्हेंबर 2007 लाच संपल्या होत्या, त्यानंतरचे खोदकाम बेकायदा. वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या 10 टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधी पुढच्या पिढ्यांसाठी ठेवायला सांगितले. राज्य सरकारने तरीही जुन्याच मालकांच्या 88 लीजचे नूतनीकरण केले. फेब्रुवारी 2018 मध्ये तेही रद्द झाले, मार्चमध्ये पुन्हा खाणबंदी आली. ट्रकमालक, बार्जवाले, गॅरेजवाले कर्जात अडकले. त्यांचे हाल खरे होते आणि ते शहरी चर्चेत फार कमी आले.

2022 च्या अखेरीस खाणींचे पहिले चार ब्लॉक (खाणपट्टे) लिलावात गेले. डंपचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. पूर्वी 55 टक्क्यांहून कमी लोह असलेला माल टाकाऊ समजून बाजूला टाकत. 2009 पासून ही मर्यादा 45 टक्के झाली, आणि कालच्या टाकाऊ ढिगाऱ्यांत आज पैसा दिसू लागला. नवा डोंगर फोडण्यापेक्षा हा माल आधी वापरणे शहाणपणाचे आहेच. पण बरेच डंप लीजच्या हद्दीबाहेर, खासगी जमिनीवर आहेत. त्यामुळे माल सरकारचा, खोदणाऱ्याचा की जमीनमालकाचा, हा 1987 मध्ये सुटायला हवा होता तोच प्रश्न पुन्हा उभा आहे.