राहून गेलेली फट आणि मुद्दाम ठेवलेला दरवाजा

एखाद्या फोनमध्ये किंवा राउटरमध्ये गडबड सापडली की बातम्यांत कधी 'त्रुटी' म्हणतात, कधी 'बॅकडोअर', आणि बऱ्याचदा एकाच बातमीत दोन्ही. वरवर पाहता दोन्हींचा परिणाम सारखाच: नको तो माणूस आत शिरतो. पण त्रुटी ही प्रोग्रॅमरच्या हातून राहून गेलेली चूक असते आणि बॅकडोअर ही कुणीतरी ठरवून ठेवलेली वाट असते. सरकारी पाळतीचा वाद समजून घ्यायचा तर हा फरक आधी पक्का करायला हवा. सरकारं दोन्ही वापरतात. मात्र त्रुटी बुजवता येते, आणि कायद्याने ठेवायला लावलेला दरवाजा बुजवायलाच मनाई असते.

निव्वळ चुकीचं उदाहरण हवं असेल तर हार्टब्लीड बघा. इंटरनेटवरची देवाणघेवाण कुलूपबंद ठेवण्यासाठी जगभरचे सर्व्हर वापरतात त्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरच्या २०१२ मधल्या आवृत्तीत ती शिरली. 'मी एवढ्या लांबीचा मजकूर पाठवतोय, तो जसाच्या तसा परत पाठव,' असं समोरच्या संगणकाने म्हटलं की सर्व्हर सांगितलेली लांबी खरी आहे का हे तपासतच नसे. मजकूर एका अक्षराचा आणि मागणी ६४ किलोबाइटची असली, तरी सर्व्हर उरलेली जागा स्वतःच्या मेमरीत जे असेल त्याने भरून देई. त्यात लोकांचे पासवर्ड असत, कधी सर्व्हरची खासगी किल्लीसुद्धा. एप्रिल २०१४ मध्ये हे जाहीर होईपर्यंत दोन वर्षं गेली. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, तपासणाऱ्याच्याही नजरेतून ते सुटलं. अशी फट ज्याला सापडेल त्याची; तिला मालक नसतो.

एक्सझेड युटिल्सचं प्रकरण याच्या अगदी उलट आहे. 'जिया टॅन' असं नाव लावणाऱ्या कुणीतरी फायली दाबून लहान करणाऱ्या या साध्याशा प्रकल्पात २०२१ पासून हातभार लावला, थकलेल्या मूळ देखभालकर्त्याचा विश्वास मिळवला, आणि २०२४ मध्ये ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत एक वाट पेरून ठेवली. त्या वाटेचं कुलूप एका विशिष्ट किल्लीनेच उघडणार होतं, म्हणजे इतर हल्लेखोरांनाही तिचा उपयोग नव्हता. पोस्टग्रेस या डेटाबेसचे एक डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. ते त्याच्या मागे लागले, म्हणून मार्च २०२४ मध्ये हे उघडकीला आलं. एरवी त्रुटी निघाली की 'ताबडतोब अपडेट करा' हाच सल्ला असतो. इथे सल्ला उलटा होता: जुन्या आवृत्तीवर परत जा. बिघाड नव्या आवृत्तीत मुद्दाम घातलेला होता ना!

मात्र चूक आणि हेतू यांतली रेषा एका ठिकाणी पुसट होते: सरकारला त्रुटी सापडते आणि ते गप्प बसतं तेव्हा. विंडोजमधल्या अशाच एका त्रुटीसाठी अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने 'इटर्नलब्लू' हे हत्यार तयार केलं आणि त्रुटी मायक्रोसॉफ्टपासून लपवून ठेवली. मार्च २०१७ मध्ये पॅच, म्हणजे ती त्रुटी बुजवणारा दुरुस्तीचा कोड, आला, एप्रिलमध्ये 'शॅडो ब्रोकर्स' या हॅकर गटाने ते हत्यार इंटरनेटवर टाकलं, आणि १२ मे रोजी तेच वापरून वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस सुटला. ब्रिटनच्या रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. माझ्या मते ही लपवाछपवी अक्षम्य आहे. तरीही पॅच बसवलेले संगणक त्या दिवशी वाचले, हेही तितकंच खरं. चुकीला निदान इलाज असतो.

दोन्ही मार्ग एकाच फोनवर दिसले ते २०१६ मध्ये. अमेरिकेतल्या सॅन बर्नार्डिनो इथल्या गोळीबारातल्या हल्लेखोराचा आयफोन उघडण्यासाठी एफबीआयने कोर्टाकडून ॲपलवर आदेश मिळवला: पासकोडचे कितीही प्रयत्न करता येतील असं खास सॉफ्टवेअर तुम्हीच बनवा. ॲपलने नकार दिला. मार्च अखेरीस सरकारने खटला मागे घेतला, कारण बाहेरच्या एका पक्षाने फोन उघडून दिला होता. आधी दरवाजा मागितला होता, काम मात्र फटीने झालं. एका फोनपुरता दुसरा मार्ग मला कमी घातक वाटतो, कारण त्यासाठी इतर कुणाचा फोन मुद्दाम कमकुवत करावा लागला नाही.

दरवाजा मागणारे नेहमी सांगतात की किल्ली फक्त आमच्याकडे राहील. इतिहास वेगळंच सांगतो. ग्रीसमध्ये २००४-०५ मध्ये व्होडाफोनच्या एक्सचेंजमधली कायदेशीर टॅपिंगची सोय अनोळखी लोकांनी गुपचूप चालू केली आणि पंतप्रधानांसह सुमारे १०० जणांचे फोन ऐकले. ज्युनिपर या नेटवर्क कंपनीच्या फायरवॉलमध्ये तर एन्क्रिप्शनसाठी यादृच्छिक आकडे बनवणारं ड्युअल ईसी हे संशयास्पद गणित आधीपासून होतं. त्यातला एक आकडा बदलून कुणीतरी चक्क स्वतःची किल्ली बसवली. कंपनीने हे डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर केलं.

सगळ्यात बोलकं उदाहरण 'सॉल्ट टायफून' या हॅकर गटाचं. अमेरिकेच्या १९९४ च्या कॅलिया कायद्याने टेलिफोन कंपन्यांना टॅपिंगची सोय ठेवणं बंधनकारक केलं. २०२४ मध्ये उघड झालं की चीनशी संबंधित हे हॅकर मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या जाळ्यात शिरून त्या टॅपिंग यंत्रणेपर्यंत पोचले होते. पुढे सरकारी इशाऱ्यांत या गटाने वापरलेल्या त्रुटींची यादी आली. आधीच जाहीर झालेल्या आणि पॅच उपलब्ध असलेल्या त्या त्रुटींपैकी एक २०१८ ची होती. म्हणजे फटीतून आत यायचं आणि तयार दरवाजा गाठायचा. फट पॅचने बुजेल, पण टॅपिंगची सोय कायदा आहे तोवर तिथेच राहणार. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्याच सायबर सुरक्षा संस्थेने, सीसाने, लक्ष्य होऊ शकणाऱ्या उच्चपदस्थांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेली, म्हणजे संदेश फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येईल अशी, ॲप वापरायला सांगितलं.

दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, ब्रिटिश सरकारने २०१६ च्या कायद्याखाली ॲपलकडे आयक्लाउडच्या एन्क्रिप्टेड साठ्यात शिरकाव मागितल्याच्या बातम्या आल्या. ॲपलने ब्रिटनमधल्या नव्या वापरकर्त्यांसाठी 'ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' बंद केलं. बॅकअप, फोटो आणि नोंदी ॲपललाही वाचता येणार नाहीत अशी ती सोय होती. तिच्यात चूक काहीच नव्हती, त्यामुळे ती परत मिळवून देणारा कुठलाही पॅच असू शकत नाही.