जोरात आलेला बॉल किचनमध्ये कसा बसवायचा?
आमच्या पिकलबॉल कोर्टवर खेळणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

‘रिसेट जमत नाही, पॅडल बदलू का?’ हा प्रश्न आमच्या काउंटरवर सारखा येतो. रिसेट म्हणजे जोरात आलेला बॉल मंद करून किचनमध्ये, म्हणजे जाळीलगतच्या 7 फुटांच्या भागात, बसवणं. पॅडल आम्ही विकतो, तरी बहुतेकांना आमचं उत्तर ‘आत्ता नको’ असंच असतं. असं का, ते एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे पत्रक.

डिंक (रेघेजवळून हळूच खेळलेला बॉल), ड्रॉप (मागून किचनमध्ये हळू टाकलेला बॉल), किचनची रेघ हे सगळं तुम्हाला माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. खरी अडचण मधल्या पट्ट्यात आहे. किचनच्या रेघेपासून बेसलाइनपर्यंत 15 फुटांची जागा. सर्व्हिस आणि तिच्या परतीनंतरचा तिसरा फटका मारून तुम्ही पुढे निघता आणि रेघेपर्यंत पोचायच्या आत समोरच्याने बॉल तुमच्या पायाशी हाणलेला असतो. इथे जवळजवळ प्रत्येक नवा खेळाडू एकच गोष्ट करतो: मूठ आवळतो. हात थोडा मागेही जातो, पण मूळ दुखणं मुठीचं. बॉल खांद्याच्या उंचीला उठतो आणि पुढे उभी असलेली जोडी तो आरामात खाली मारते.

बॉल जेमतेम 22 ते 26 ग्रॅमचा, पोकळ, भोकांचा. तो वेग घेऊनच आलेला असतो. तुम्ही भर घालायची काहीच गरज नसते. घट्ट धरलेल्या पॅडलवरून तो वेग तसाच परत जातो. सैल धरलेलं पॅडल बॉल लागल्यावर किंचित मागे सरकतं, वेग तिथेच मरतो आणि बॉल जाळीपलीकडे हळू पडतो. क्रिकेट खेळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको: फास्ट बोलरला डिफेन्स करताना खालचा हात सैल असला की बॉल खेळपट्टीवरच मरतो, स्लिपपर्यंत जात नाही.

आमचे कोच मधूनच तुमच्या पॅडलचं टोक धरून हलकेच ओढतात. काहींना ते खटकतं. ही तपासणी आहे. मुठीचा जोर दहापैकी तीन-चार इतकाच असेल, तर पॅडल थोडं अडून हातातून सरकतं. गंमत अशी, की उभं असताना बहुतेकांची मूठ सैलच असते. आवळली जाते ती बॉल लागायच्या क्षणी, आणि ते स्वतःला कळत नाही. म्हणून सरावात फटका झाला की हात आहे तिथेच थांबवा आणि अंगठ्याकडे बघा. नख पांढरं पडलेलं दिसलं, तर मूठ आवळली गेली होती. बॉल कुठे पडला हे त्यानंतर बघा. आठवडाभर एवढंच केलं तरी फरक दिसतो.

बाकीचं थोडक्यात. समोरचा मारायच्या बेतात असेल तेव्हा पळत राहू नका. जिथे असाल तिथे थांबा, गुडघे वाका. पॅडल अंगासमोर, तोंड किंचित वर. बॉल अंगाच्या पुढेच घ्या आणि हात पुढे ढकलू नका. नेम जाळीच्या मध्यावर ठेवा. बाजूच्या रेघांपाशी जाळी 36 इंच असते, मध्ये 34. ते दोन इंच फार कामाला येतात.

आता, ‘नुसता बचाव करून पॉइंट कसा मिळणार?’ हा दुसरा नेहमीचा प्रश्न. जाळीपासून 7 फुटांच्या किचनमध्ये उभं राहून कोणालाच व्हॉली (टप्पा पडायच्या आत फटका) मारता येत नाही. तुमचा बॉल किचनमध्ये खाली बसला, की समोरच्याला तो टप्पा पडल्यावर, जाळीच्या उंचीखालून घ्यावा लागतो. म्हणजे त्याला उचलूनच मारायला लागतं, खाली ठोकता येत नाही. तेवढ्या वेळात तुम्ही रेघेवर पोचता आणि रॅली बरोबरीत येते. पॉइंट त्यानंतर मिळतो. जे खेळाडू हे समजून घेतात, ते वय आणि ताकद कमी असूनही तरण्या पोरांना थकवतात. सकाळच्या ज्येष्ठांच्या बॅचला येऊन बघा.

आमच्या सुरुवातीच्या बॅचमध्ये ड्राइव्ह आणि स्मॅश उशिरा शिकवतात, अशी तक्रार असते. ती पद्धत आम्ही बदलणार नाही. आमच्याकडे येणारे निम्म्याहून जास्त लोक बॅडमिंटन खेळून आलेले असतात. कोर्ट ओळखीचं वाटतं, आणि ते साहजिक आहे: 1965 मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर हा खेळ जुन्या बॅडमिंटन कोर्टवरच सुरू झाला आणि 44 बाय 20 फुटांचं माप तेच राहिलं. पण तिथली जाळी पाच फुटांची आणि मनगटाचा झटका हा तिथला गुण. इथे तोच झटका बॉल उडवतो. फटके आधी शिकवले तर ही सवय पक्की होते, आणि मग ती काढण्यात तुमचे दोन-तीन महिने जातात. दोन आठवड्यांत बॅच सोडून थेट गेम खेळायला गेलेले बरेच जण पुढे हेच दुरुस्त करायला परत येतात. तेव्हा त्यांनाही आणि आम्हालाही दुप्पट मेहनत पडते.

पॅडलचं काय? ऑनलाइन घेतलेलं 13 मिलिमीटर जाडीचं पॅडल असेल, तर त्यावरून बॉल जरा जास्त सुटतो, हे खरं. 16 मिलिमीटरचं साधारणपणे शांत वाटतं, म्हणून भाड्याने देण्यासाठी आम्ही तेवढंच ठेवतो. पण आवळलेल्या मुठीत 16 चंही पॅडल बॉल उडवतंच. आधी इथलं भाड्याचं घेऊन चार वेळा खेळा, मग ठरवा. त्याआधी एक स्वस्त गोष्ट करून बघा: ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवर गुंडाळायची पट्टी, बदला. घामाने गुळगुळीत झालेली ग्रिप सुटू नये म्हणून हात आपोआप आवळतो. पावसाळ्यात तर हमखास. ओव्हरग्रिप काउंटरवर मिळते, बसवायचे पैसे घेत नाही.

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे प्लॅस्टिक कडक होतं, बॉल कमी उसळतो आणि लवकर तडकतोही. त्या दिवसांत तडा गेलेला बॉल ‘चालतोय की’ म्हणून परत टोपलीत टाकू नका. वाकडा उडणारा बॉल पुढच्या बॅचच्या अख्ख्या तासाचा विचका करतो.

घरी सराव करायचा तर भिंतीवर जमिनीपासून 34 इंचांवर टेप लावा, 7 फुटांवर उभे राहा आणि बॉल टेपच्या थोडा वर, हळू लागेल असा खेळत राहा. आवाज लांबपर्यंत जातो, तेव्हा शेजाऱ्यांच्या झोपेच्या वेळा सांभाळा. आमच्याकडे कोर्टच्या मागे अशी भिंत आखलेली आहे, सभासदांना मोफत आहे.

फक्त रिसेटसाठी शनिवारी संध्याकाळी वेगळी बॅच असते. एका कोर्टवर चारच जण घेतो. एक जण रेघेवरून मारणार, बाकीचे मधल्या पट्ट्यातून बसवणार. नाव आदल्या दिवशी काउंटरवर द्या. न खुणा पडणाऱ्या तळव्याचे बूट आणि स्वतःचं पॅडल सोबत आणा. पॅडल नसेल तर इथलं मिळेल.