हिमसागरी मार्गनियोजन

बर्फाळ समुद्रातून जहाजाने कोणत्या वाटेने, किती वेगाने आणि आइसब्रेकरच्या (बर्फ फोडून वाट काढणाऱ्या जहाजाच्या) सोबतीने की एकट्याने जावे, हे ठरवण्याची प्रक्रिया. रशियाचा उत्तर सागरी मार्ग, कॅनडाचा वायव्य मार्ग, हिवाळ्यातला बाल्टिक समुद्र आणि अंटार्क्टिकाभोवतीचा सागर येथे ती विशेष लागते. या पाण्यात जवळची वाट लवकर पोहोचवेलच असे नाही. घट्ट बर्फात अडकण्यापेक्षा मोकळ्या पाण्यातून घेतलेला लांबचा वळसा पुष्कळदा वेळ आणि इंधन दोन्ही वाचवतो.

बर्फ किती आहे यापेक्षा तो कोणता आहे, हे आधी पाहावे लागते. एकाच हिवाळ्यात गोठलेल्या बर्फात खाऱ्या पाण्याचे कप्पे राहतात, त्यामुळे तो तुलनेने कमजोर असतो. उन्हाळा काढलेल्या जुन्या बर्फातले बरेचसे क्षार निथळून गेलेले असतात. तो जाड आणि कितीतरी टणक होतो. म्हणून कोवळ्या बर्फाने पूर्ण झाकलेला पट्टा एखाद्या जहाजाला चालतो, पण जुन्या बर्फाचे विखुरलेले तुकडे त्याचा पत्रा फाडू शकतात. मोठा हिमनग रडारवर सहसा दिसतो. लाटांआड लपणारे त्याचे लहान तुकडे मात्र निसटतात, आणि रात्रीचा वेग ठरवताना खरी धास्ती त्यांचीच असते.

बर्फाची व्याप्ती नकाशांवर दशांशांत, म्हणजे पृष्ठभागाच्या दहा भागांपैकी किती बर्फाने झाकले आहेत अशी, दाखवतात. ढग आणि ध्रुवीय रात्र यांतूनही पाहू शकणारे रडार-उपग्रह या नकाशांचा मोठा आधार आहेत. १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या ध्रुवीय संहितेनुसार (ध्रुवीय पाण्यातील जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार) जहाजाच्या मर्यादा आधीच ठरवाव्या लागतात. त्यासाठी ‘पोलॅरिस’ पद्धत वापरता येते: जहाजाच्या हिमश्रेणीनुसार, म्हणजे ते किती बर्फ सोसू शकते याच्या दर्जानुसार, प्रत्येक प्रकारच्या बर्फाला एक अंक दिलेला असतो, त्याला त्या बर्फाच्या दशांशांनी गुणून बेरीज करतात. बेरीज ऋण आली, तर श्रेणीप्रमाणे वेग कमी करावा किंवा तो भाग टाळावा.

संगणक समुद्राचे चौकोन पाडून प्रत्येकाला वेळ, इंधन व जोखीम यांची किंमत लावतो आणि सर्वांत स्वस्त वाट शोधतो. पण वारा फिरला की बर्फ सरकतो आणि मोकळ्या फटी मिटतात. डिसेंबर २०१३ मध्ये ‘अकादेमिक शोकाल्स्की’ हे जहाज अंटार्क्टिकाजवळ असेच अडकले. त्याच्या मदतीला गेलेले चिनी आइसब्रेकर ‘श्युए लोंग’ही बर्फात रुतले. वारा बदलून बर्फाला भेगा पडल्या, तेव्हा जानेवारीत दोन्ही जहाजे सुटली. त्यामुळे निघताना आखलेला मार्ग प्रवासात पुनःपुन्हा तपासतात, आणि माघारी फिरण्याची वाट कुठे मिटू शकते हेही आधीच नकाशावर नोंदवून ठेवतात.