प्रयोगशाळेतल्या माणसाचा दर्जा कुठे अडला?

विदर्भात तालुक्याच्या गावी बी.एस्सी.ला आलेलं पोर बहुतेक वेळा मराठी माध्यमातलं असतं. पहिल्या प्रॅक्टिकलला हातात ब्युरेट, म्हणजे द्रव थेंबाथेंबाने मोजून सोडायची काचेची नळी, येते आणि इंग्रजी कृती डोक्यावरून जाते. सर दुसऱ्या बॅचकडे वळलेले असतात. तेव्हा टेबलापाशी येतो तो प्रयोगशाळा सहाय्यक, नाहीतर परिचर. "घाई नको करू गा, थेंब-थेंब सोडजो. अन् परमँगनेट गडद हाये, त्याची पातळी वरच्या काठानं पाह्यजो." याला शिकवणंच म्हणतात, पण सेवापुस्तकात त्याची नोंद होत नाही. ती का होत नाही, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

नागपूर विद्यापीठ 1923 चं. सुरुवातीची महाविद्यालयं मुख्यतः शहरांतली. गावाकडे महाविद्यालयं पसरली ती स्वातंत्र्यानंतर, शिक्षण संस्थांच्या बळावर. पुढे अमरावती विद्यापीठ 1983 मध्ये वेगळं झालं आणि चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये आलं. जुन्या विज्ञान महाविद्यालयांत प्रॅक्टिकल घ्यायला डेमॉन्स्ट्रेटर असे आणि त्याची गणना शिक्षकांत होई. 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यातल्या शिक्षकाच्या व्याख्येतही तो होता. पण या पदाची भरती थांबली होती, जुनी माणसं निवृत्त होत गेली आणि 2016 च्या कायद्यातल्या व्याख्येत त्याचं नाव उरलं नाही. त्याचं बरंचसं काम खालच्या पदावर आलं. दर्जा मात्र वरच राहिला.

ग्रंथपालाचं उलट झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाने 1957 मध्ये भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे एस. आर. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. ग्रंथालयातल्या व्यावसायिक कर्मचाऱ्यांना अध्यापकांच्या बरोबरीचा दर्जा आणि वेतन द्यावं, असं तिचं म्हणणं होतं. ते एका झटक्यात पदरात पडलं नाही. पण वेतनश्रेणी आल्या, नेट ही पात्रता परीक्षा आली, आयोगाच्या 2010 आणि 2018 च्या नियमावलीत 'शिक्षक व इतर शैक्षणिक कर्मचारी' असा उल्लेख आला आणि 2016 च्या राज्य कायद्याने तर महाविद्यालयीन ग्रंथपाल आणि शारीरिक शिक्षण संचालक यांना थेट शिक्षकांत घेतलं. माझ्या मते यात रंगनाथन यांच्या वजनाइतकंच महत्त्व पदवीला होतं. ग्रंथालयशास्त्राला स्वतंत्र पदवी होती, म्हणून पात्रता कागदावर दाखवता आली. रसायनांच्या बाटल्या तीस वर्षं हाताळणाऱ्याकडे असं काही नव्हतं. ग्रंथालयातला परिचरही त्यामुळे मागेच राहिला.

सहाय्यक, परिचर या मंडळींच्या सेवाशर्ती ठरल्या त्या 1984 च्या प्रमाण संहितेने, म्हणजे शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या सेवेच्या राज्यस्तरीय नियमांनी. शिक्षकेतरांसाठी तो मोठाच आधार होता, त्याआधी गावाकडे संस्थाचालकाचा शब्द हाच नियम असे. पण तिने ऑफिसातला लिपिक आणि प्रयोगशाळेतला सहाय्यक एकाच चौकटीत बसवले.

ब्रिटनमध्ये 2006 साली अध्यापनासोबत 'अध्ययनाला साहाय्य' करणाऱ्यांनाही लागू होणारी व्यावसायिक मानकांची चौकट आली. तिथला तंत्रज्ञ किंवा ग्रंथपाल आपल्या कामाचे दाखले देऊन सहयोगी फेलो होऊ शकतो, म्हणजे त्याच्या कामाला व्यावसायिक मान्यता मिळते. आपल्याकडे एवढं दूर जायचीही गरज नाही, वाट आपल्याच कायद्यात आहे. पण ती कोणी मागितली नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये राज्यभरातल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. मागण्या आश्वासित प्रगती योजना (ठरावीक सेवेनंतर वरची वेतनश्रेणी), सातव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि रिक्त पदं यांच्या होत्या. पोटाचा प्रश्न आधी येणारच, त्यात चूक नाही. मात्र शैक्षणिक दर्जाची मागणी ऐरणीवर आली नाही. वास्तविक विद्यापीठ कायद्यात 'बिगर-सुटी शैक्षणिक कर्मचारी' (शिक्षकांसारखी दीर्घ सुटी नसलेले) असा एक वर्ग आहे. शैक्षणिक कामाला पूरक असणारे त्यात येतात, निव्वळ प्रशासकीय काम करणारे येत नाहीत आणि त्यात कोणाला बसवायचं हे राज्य शासन ठरवतं. म्हणजे प्रयोगशाळा सहाय्यकाला तिथे न्यायचं तर विधिमंडळात जायला नको, शासन निर्णय पुरतो. संघटनांनी पुढच्या निवेदनात हा मुद्दा वेतनाच्या मुद्द्याशेजारीच घालावा.