कवळीला खडा कळत नाही

घासात बारीकसा खडा आला की तो पुरता चावला जाण्याआधीच जबडा थबकतो. हे आपण ठरवून करत नाही. दाताचे मूळ हाडाला थेट जोडलेले नसते. दोहोंच्या मध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तंतुमय पडदा असतो आणि त्यात दाब ओळखणाऱ्या चेतातंतूंची टोके असतात. केसाएवढी बारीक वस्तू दातांमध्ये आली तरी ती त्यांना कळते आणि चावणाऱ्या स्नायूंना लगेच आवर बसतो. दात काढला की हा पडदाही जातो. पुढे कवळी बसवा किंवा इम्प्लांट (जबड्याच्या हाडात रोवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूवरचा दात), हा पडदा परत येत नाही.

या गेलेल्या जाणिवेची भरपाई माणूस एरवी सावकाश, लक्ष देऊन खाऊन करतो. सणाच्या जेवणात मात्र गप्पा असतात, हसणे असते, आग्रह असतो आणि नेमके तेव्हाच लक्ष घासावरून उडते. म्हणून मला वाटते, काय खावे यापेक्षा कसे खावे हा प्रश्न इथे जास्त महत्त्वाचा आहे.

पूर्ण कवळी हिरडीवर नुसती टेकलेली असते. काचेचे दोन ओले तुकडे एकमेकांना धरून राहतात, तशी वरची कवळी लाळेच्या पातळ थरामुळे टाळूला धरून राहते. खालच्या कवळीला टेकायला जागा जवळजवळ निम्मीच मिळते आणि मध्ये सतत हलणारी जीभ असते, त्यामुळे आधी निसटते ती तीच. अशा कवळीने चावण्याचा जोरही अस्सल दातांच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच असतो. पुढच्या दातांनी कडक पदार्थ तोडायला गेलात की कवळीची मागची कड उचलली जाते, आत हवा शिरते आणि पकड सुटते. उपाय साधा आहे : पदार्थ ताटातच सुरीने बारीक करून घ्यावा आणि घासाचा थोडा थोडा भाग दोन्ही बाजूंच्या दाढांखाली ठेवून एकदमच चावावा. आयुष्यभर एका बाजूने चावायची सवय असते, त्यामुळे हे जमायला वेळ लागतो. नवी कवळी सणाच्या तोंडावर बसवून घेऊ नये, त्याचे हेच कारण.

खरा धोका झाकलेल्या टाळूत आहे. वरच्या कवळीखाली टाळूला ऊन-गार नीट कळत नाही, त्यामुळे वाफाळता घोट थेट घसा भाजू शकतो. मांसातले हाड, माशाचा काटा, फळातली बी हेही तसेच निसटते. त्यात घास अर्धवट चावलेला असतो आणि बोलता बोलता गिळला जातो. कुणाचा घास अडकला आणि त्याला बोलता, खोकताही येत नसेल, तर पाणी पाजू नका. त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये पाठीवर तळहाताच्या टाचेने पाच जोरदार फटके मारा. घास निघाला नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब द्या. हे आलटून पालटून चालू ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी लगेच रुग्णवाहिका बोलवायला सांगा. कवळी तुटून तिचा तुकडा सापडत नसेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण कवळीचे साधे ॲक्रिलिक, म्हणजे प्लास्टिक, एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही.

इम्प्लांटची गोष्ट उलटी आहे. टायटॅनियमला हाड थेट चिकटते हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना 1952 मध्ये सशांवरच्या प्रयोगात दिसले आणि 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. हाडाशी एकजीव झालेला हा दात जोर भरपूर लावतो, पण दाबाची सूक्ष्म जाण त्याला नसते. हाड आणि जबड्याचा सांधा थोडीफार खबर देतात, तीही उशिरा. कडक कवच फोडताना किंवा बर्फ चावताना स्क्रूवर बसवलेल्या दाताचा टवका उडतो, आतला स्क्रू ढिला होतो. इम्प्लांट नुकतेच बसवले असेल तर जास्तच जपायला हवे. हाड जुळायला काही महिने लागतात. त्या काळात ते हलले, तर हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होऊन इम्प्लांट निकामी होऊ शकते. दुखत नाही म्हणजे जुळले असे नाही. डॉक्टरांनी मऊ खायला सांगितले असेल, तर सणाचा दिवसही त्यात आला.

चिकट गोड पदार्थ दोघांनाही त्रासाचे. ते कवळी खेचून काढतात आणि इम्प्लांटभोवती अडकून राहतात. इम्प्लांट किडत नाही हे खरे, पण भोवतालच्या हिरडीला जंतुसंसर्ग होतो आणि तो हाडापर्यंत पोचतो. कवळी सैल आहे म्हणून चिकटवायचे क्रीम थापत राहणेही बरे नाही. झिंक असलेले क्रीम दीर्घकाळ भरमसाट वापरल्याने शरीरातले तांबे कमी होऊन चेतासंस्थेला इजा झाल्याची उदाहरणे आहेत. सैल कवळी दंतवैद्याकडून नीट बसवून घ्यावी.

जेवणानंतर कवळी काढलीत तर कागदी रुमालात गुंडाळून ठेवू नका. उष्ट्या ताटांबरोबर ती कचऱ्यात जाते. झाकणाची डबी जवळ ठेवा आणि तिच्यात साधे पाणी घाला. उकळते पाणी नको. त्याने ॲक्रिलिक वाकते आणि वाकलेली कवळी घरी सरळ करता येत नाही.