भात्याच्या घडीचे छायाचित्र-पुस्तक

एखाद्या जागेची छायाचित्रे लांब कागदी पट्टीवर क्रमाने लावून, पट्टीला पेटीच्या भात्यासारख्या उलटसुलट घड्या घालून कलावंताने हाताने केलेले पुस्तक. पाने उलटली तर एका वेळी दोनच चित्रे दिसतात, पट्टी पसरली की सगळी जागा एकदम पुढ्यात येते. आठवणही कधी तुकड्यातुकड्याने येते, कधी सलग. म्हणूनच सोडलेले घर, पाडलेली गल्ली अशा विषयांना ही बांधणी विलक्षण शोभते. छायाचित्रकार दयानिता सिंग यांच्या ‘सेंट अ लेटर’ (२००८) या संचात अशी सात छोटी पुस्तके आहेत.

१२ × १६ सेंमीच्या आठ पानांना ९६ × १६ सेंमीची पट्टी लागते. कागद १६० ते २०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) घ्यावा आणि त्याचे तंतू उभे, म्हणजे घडीला समांतर असावेत. आडवे असले तर घडीवर कागद तडकतो. मापून एकेक घडी घालू नये. दर घडीला अर्धा मिलिमीटर चुकला तरी शेवटचे पान बाहेर डोकावते. आधी मधोमध घडी, मग दोन्ही टोके मधल्या घडीवर, मग प्रत्येक चौथाईचे दोन भाग, आणि शेवटी घड्यांची दिशा आलटून-पालटून करावी.

खरी कसोटी क्रम लावताना लागते. सालवार मांडणी बहुधा निर्जीव होते. त्यापेक्षा माणूस घरात शिरतो तसे जावे: उंबरठा, जिना, मग भिंतीवरून काढलेल्या फोटोचा फिकट चौकोन. त्या चौकोनाशेजारचे पान कोरे सोडले तर तिथे काय होते हे वाचणारा स्वतःच आठवू लागतो. चिकटवण्याआधी झेरॉक्सची डमी, म्हणजे कच्ची प्रत, करून क्रम दोन-चार दिवस पाहावा.

चित्र घडीपासून ५ मिमी आत ठेवावे. मैद्याची खळ पातळ, मधून कडांकडे लावावी. जास्त ओल झाली की कागद फुगून सुरकुततो. सायनोटाइपसाठी, म्हणजे उन्हात उमटवलेल्या निळ्या छायाचित्रासाठी, अल्कधर्मी कागद टाळावा, त्यावर निळा रंग उडत जातो. मुखपृष्ठाचे २ मिमी जाडीचे पुठ्ठे चारही बाजूंनी ३ मिमी मोठे कापावेत. पुठ्ठ्याला फक्त बाहेरून कापड लावले तर तो वाकतो, कारण वाळताना कापड एकाच बाजूने ओढते. आतून कागदाचे अस्तर दिले की ओढ सारखी होते. पुस्तक टीपकागदात घालून किमान २४ तास वजनाखाली ठेवावे आणि पहिल्या तासाभरात टीपकागद एकदा बदलावा.