बावला खून खटला आणि त्यावरचे तर्कवितर्क

बावला खून खटला ही 1925 सालची मुंबईतली गाजलेली मर्डर केस, आणि तिच्यामागे खरा हात कोणाचा यावर शंभर वर्षं झाली तरी लोक डोकं चालवतायत. 12 जानेवारी 1925 च्या संध्याकाळी अब्दुल कादर बावला हा मुंबईतला श्रीमंत व्यापारी नर्तकी मुमताज बेगमला घेऊन मलबार हिलवर मोटारीतून फिरायला निघाला होता, तेव्हा दुसऱ्या एका मोटारीतून आलेल्या टोळीने त्यांना अडवलं, मुमताजला खाली ओढायला लागले, बावलाला गोळ्या घातल्या आणि तिच्या तोंडावर सुरीचे वार केले. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी तिथे पोचले आणि लेफ्टनंट सेगर्ट तर हातातली गोल्फची काठी घेऊनच त्यांच्या अंगावर गेला, स्वतःला गोळी लागली तरी. बावला गेला, मुमताज वाचली.

मुमताज आधी इंदूरच्या महाराजांकडे, म्हणजे तुकोजीराव होळकर तिसरे यांच्याकडे होती, तिथून निसटून आली होती, आणि आरोपींचे धागेदोरे पण इंदूरलाच जात होते. हायकोर्टात न्या. क्रंप यांच्यासमोर केस चालली, एका आरोपीचे वकील होते बॅ. जिना. तिघांना फाशीची शिक्षा झाली, पण जज स्वतःच बोलून गेले की या लोकांच्या मागे दुसरं कोणीतरी आहे, ते नेमकं कोण हे दाखवता येत नाही. सगळ्या तर्कांचं मूळ इथे आहे, कारण कोर्टानेच जागा मोकळी सोडली की लोक ती भरणारच.

सगळ्यात जास्त चालणारा तर्क असा की हुकूम खुद्द महाराजांचा होता, आणि पुरावा काय, तर चौकशीला सामोरे जा नाहीतर गादी सोडा असं सरकारने सांगितल्यावर त्यांनी फेब्रुवारी 1926 मध्ये मुलगा यशवंतराव याच्यासाठी गादी सोडली. पण गादी सोडणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नाही, संस्थानिकाने इंग्रजांच्या चौकशीपुढे उभं राहणं हा तेव्हा मोठा मानाचा प्रश्न होता, आणि दरबारातल्या कोणी खूश करायला परस्पर हा उद्योग केला असेल ही शक्यता पण उरतेच. दुसरी बाजू म्हणते इंग्रजांना होळकर नकोच होते, त्यांनी संधी साधली. साधली असेलही, तुकोजीरावांच्या वडिलांनाही 1903 मध्ये गादी सोडावी लागली होती, पण म्हणून खुनाचा कटच इंग्रजांचा होता असं म्हणायला काही आधार नाही, अधिकारी वेळेवर पोचले एवढ्यावरून तर नाहीच.

मारायलाच आले होते की फक्त मुमताजला उचलायला, यावर पण वाद आहे. तिला उचलायला आले होते हेच मला जास्त पटतं, कारण मारायचंच असतं तर तिला ओढत बसले नसते, लांबून गोळी घालून निघून गेले असते. पण मग तोंडावर वार का? ती हाती लागत नाही म्हटल्यावर निदान चेहरा बिघडवा, असा काही विचार असेल का?

या सगळ्यात मुमताजचं स्वतःचं म्हणणं मागे पडतं याचं फार वाईट वाटतं. लोक तिला "जिच्यामुळे राज्य गेलं ती बाई" एवढंच ओळखतात. तिने सांगितलं होतं की तिला इंदूरला राहायचंच नव्हतं, तिथे तिला मुलगी झाली होती आणि ती तान्ही पोर नर्सनी मारून टाकली. महाराजांचं काय झालं यावर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांनी आधी हा प्रश्न घ्यावा.